वरच्या खोलीची घरपट्टी

घराची मापं घ्यायला दोघं आले तेव्हा मी मागच्या दारी तांदूळ निवडत बसले होते. एक मुलगी होती, तिच्या हातात मोठा मोबाईल. दुसरा माणूस भिंतीवर लाल ठिपका पाडणारं यंत्र घेऊन होता. गावात त्याआधी घरांभोवती चुन्याच्या रेषा मारून झाल्या होत्या, वरून ड्रोन फिरून गेला होता, त्यामुळे मोजणीचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. ग्रामपंचायतीने नवी आकारणी करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी बाहेरून नेमलेली माणसं घरोघर हिंडत होती.

मुलीने मला दारात उभं करून फोटो काढला. मालकाचं नाव विचारलं, ते मी सांगितलं.

“कुठायत ते?”

“वारले.”

“बरं,” ती म्हणाली आणि मोबाईलवर काहीतरी दाबलं.

मला तिचा राग आला नाही. त्या दिवसांत भेटायला येणारी बाकीची माणसं पुष्कळ बोलायची आणि त्यातलं काही माझ्यापर्यंत पोचायचं नाही. त्यापेक्षा हे बरं वाटलं. ती दोघं घरात फिरली. स्वयंपाकघर, पुढची खोली, न्हाणी, मागची पत्र्याची पडवी. मग बाहेरच्या जिन्याने वर गेली. मी खालीच थांबले. खाली आल्यावर त्या माणसाने विचारलं, “वर कोण राहतं?”

“आता कोणी नाही.”

“कॉट आहे, स्टोव्ह आहे. शर्ट टांगलेत.”

“हो,” मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती पुढच्या घराकडे गेली. मी परत तांदूळ घेऊन बसले.

आमचं गाव भोरच्या रस्त्यावर आहे. पूर्वी इथं भातखाचरं आणि रस्त्याकडेला चार दुकानं एवढंच होतं. मग शिरवळकडे कंपन्या वाढल्या, तिथं कामाला येणारी बाहेरगावची पोरं स्वस्तात खोल्या शोधत इकडे यायला लागली. ज्याला जमेल त्याने घरावर एक मजला चढवला, बाहेरून जिना काढला आणि भाडेकरू ठेवला. आमचा जिनाही बाहेरूनच आहे, पण त्याचं कारण वेगळं. आत जिन्याला जागाच नव्हती. मालक भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. मी अंगणवाडीत होते. वरची खोली आम्ही मुलासाठी बांधली, त्याच्या लग्नाच्या हिशोबाने. त्याला पुण्यात नोकरी लागली, लग्नही तिकडेच ठरलं, आणि खोली तशीच राहिली.

रिटायर झाल्यावर मालक वर जाऊन झोपायला लागले. आधी दुपारपुरते, मग रात्रीचेही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. भांडण काही नव्हतं. सकाळी अंघोळीला खाली यायचे, दोन्ही वेळा जेवायला खाली यायचे, बाजारातून पिशवी आणून ओट्यावर ठेवायचे. त्यांना पहाटे उठून चहा लागायचा. माझी झोप मोडायला नको म्हणून असेल, त्यांनी एक जुना स्टोव्ह वर नेला. नंतर रेडिओ नेला. दाढीचं सामान नेलं. असं करत करत एक माणूस वर राहायला गेला. आजारपणात मात्र त्यांना खालीच आणावं लागलं, जिना चढणं होईना. तिथून पुण्याच्या दवाखान्यात, आणि तिथून परत नाहीतच. वरच्या खोलीला मी कडी घालून ठेवली होती. कुलूप लावलं नव्हतं.

आकारणीची यादी पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर लागली, आणि मग घरोघर नोटिसा आल्या. आमच्या शेजारी एक भाऊजी राहतात. मालकांच्याच डेपोत ड्रायव्हर होते, दोघं बरोबरच रिटायर झाले. ते आपली नोटीस घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसले.

“वहिनी, दारापुढची माझी पत्र्याची शेड हाय ना, ती पक्क्या बांधकामात धरली. चार लोखंडी पाईप आणि वर पत्रा. त्यात पक्कं काय हाय?”

“माझी बघा बरं,” मी म्हणाले. मला आकडे दिसत होते, पण वाचले तरी डोक्यात बसत नव्हते.

त्यांनी चष्मा लावून माझी नोटीस दोनदा वाचली. “तुमच्या वरच्या खोलीत भाडेकरू लिवलाय. तिला व्यापारी दर लावलाय. गेल्या साली होती त्याच्या दुपटीवर गेली तुमची घरपट्टी.”

“भाडेकरू नाही,” मी म्हणाले.

“न्हाई ते मला म्हाइत हाय. ह्यांना कोण सांगणार?”

संध्याकाळी देवळात सगळे जमले. गावात इतकी माणसं एकदम चिडलेली मी फार वर्षांनी पाहिली. एकाच्या गोठ्याला घर म्हटलं होतं. एकाचं मातीचं घर पडून मोकळी जागा राहिली होती, तिथं अजून घर उभं असल्यासारखी पट्टी आली होती. एका म्हातारीच्या कोंबड्यांच्या खुराड्यासकट माप धरलं होतं, आणि ती सगळ्यांना सांगत होती की कोंबड्या कधीच विकल्या. कुणी म्हणत होतं पाणी दिवसाआड येतं, गटार उघडं आहे, मग वाढ कशाची. कुणी म्हणत होतं भरायचीच नाही, सगळ्यांनी मिळून नाही भरायची. भाऊजी उभे राहून बोलले. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, फार बोलणारा नव्हे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज देवळाच्या बाहेरपर्यंत गेला. मी बायकांत बसले होते. शेजारची मला कोपराने ढोसून म्हणाली, “तुमीपण सांगा ना तुमचं.” मी मान हलवली. मला राग यायला हवा होता, हे मला कळत होतं. चूल पेटवायला बसावं आणि लाकडं ओली निघावीत, तसं आत काही धरत नव्हतं.

शेवटी ठरलं की प्रत्येकाने हरकत द्यायची. माझा अर्ज भाऊजींनीच लिहून दिला, मी सही केली.

सुनावणी समाजमंदिरात होती. तालुक्याहून साहेब आले होते, त्यांच्या शेजारी आमचे ग्रामसेवक. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि ज्याची हाक येईल त्याने पुढे जायचं. जे बोलणं व्हायचं ते सगळ्यांना ऐकू यायचं. माझ्या आधी खुराड्यावाली म्हातारी गेली. साहेब तिच्याशी नीट बोलले. माणूस वाईट नव्हता. पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवून त्याने तिचं पूर्ण ऐकून घेतलं, मग लिहून घेतलं.

मालकांच्या नावाने हाक आली तेव्हा मला उठायला जरा वेळ लागला.

“घरमालक कुठायत?”

“मयत आहेत साहेब. ह्या त्यांच्या पत्नी,” ग्रामसेवक म्हणाले.

“वारस नोंद झाली?”

“नाही,” मी म्हणाले.

“करून घ्या. बरं, भाडेकरू नाही असं तुमचं म्हणणं आहे. इथं फोटो आहे. कॉट, स्टोव्ह, पुरुषाचे कपडे.” त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. मी पाहिलं. खुंटीवर त्यांचा आकाशी शर्ट होता. खिडकीत दाढीचा ब्रश उभा होता.

“ते आमच्या मालकांचं आहे.”

“ते वर राहायचे?”

“हो.”

“आणि तुम्ही?”

“खाली.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना पुढचं विचारायचं नसावं, पण विचारणं भाग होतं. “म्हणजे वेगळे राहत होतात? चूल वेगळी होती?”

मागच्या खुर्च्यांवरची कुजबूज थांबली. आमची सगळी आळी तिथं होती. ज्यांच्या पोरांना मी अंगणवाडीत गाणी शिकवली ती माणसं होती, त्यांच्या सुना होत्या.

“चूल एकच होती,” मी म्हणाले. “स्टोव्ह चहापुरता. जेवण एकत्र व्हायचं.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी लिहून घेतलं. मग थोडं वाकून, आवाज कमी करून म्हणाले, “ताई, मला समजतंय. पण फोटोत सामान दिसतंय आणि मालक हयात नाहीत, म्हणजे कागदावर तिथं दुसरं कोणीतरी राहतंय असंच होतं. तुम्ही असं करा, खोली रिकामी करून ठेवा. ग्रामसेवक येऊन पाहणी करतील. रिकामी दिसली की मी भाडेकरू काढून टाकतो.”

“बरं,” मी म्हणाले.

बाहेर आल्यावर भाऊजी तावातावाने माझ्याबरोबर चालायला लागले. “चारचौघांत असलं विचारायचं व्हय? वेगळी चूल म्हणं. म्या उठणारच हुतो. हिनं हात धरला माजा.” त्यांची बायको मागून येत होती, तिने माझी पिशवी स्वतःकडे घेतली. लाज वाटली का, असं मला मुलाने नंतर फोनवर विचारलं. मी आठवून पाहिलं. मला समाजमंदिराचा पंखा आठवला, त्याचं एक पातं वाकलेलं होतं आणि फिरताना तो टकटक आवाज करत होता. बाकी काही आठवलं नाही.

मुलगा म्हणाला, “आई, मी रविवारी येतो, आपण मिळून काढू सामान.” रविवारी त्याला कामावर बोलावलं. पुढचाही तसाच गेला. मग मी माझ्या भावाला फोन केला.

माझं माहेर हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडे. भाऊ तिथंच असतो, थोडं भात, थोडी नाचणी आणि शेरडं. माझ्याहून लहान आहे. एसटीचा भरवसा नाही म्हणून ओळखीच्याचा टेम्पो घेऊन सकाळीच आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, “चल आक्का, दाव काय काय काढायचं.”

“सगळंच.”

“सगळं?”

“सगळं. रिकामी दिसायला पाहिजे.”

कडी काढली तेव्हा आतून ग्रीसचा आणि साबणाचा वास आला. डेपोतून आल्यावर ते ज्या साबणाने हात धुवायचे तो पिवळा साबण वाळून चिरा पडून खिडकीत होता. साखरेच्या डब्याला मुंग्या लागून गेल्या होत्या, आत नुसती मेलेल्या मुंग्यांची भुकटी. चहापत्तीचा गोळा झाला होता. किटलीचं बूड काळं. पत्र्याच्या पेटीत पाने, स्क्रू, वायरचे तुकडे, एका जुन्या गाडीचा हॉर्न. खाकी कपड्यांचे दोन जोड नीट घडी घालून. मी एकेक वस्तू दाराबाहेर ठेवत गेले आणि भाऊ खाली नेत गेला. दगडावरची धुणी पिळावीत तसं हे काम हाताने होत होतं. मधे थांबावंसं वाटलं नाही.

कॉट दोघांनी धरून दारापर्यंत आणली. दारात ती अडली, आडवी करावी लागली. तेव्हा भावाने ती टेकवली आणि घाम पुसत विचारलं, “आक्का, इचारू का?”

“विचार.”

“तुमचं भांडाण हुतं का? दाजी वर राहायचे ते?”

“नव्हतं.”

“मग?”

“जागा होती. गेले.”

“आन तू कंदी म्हणली न्हाईस का, खाली या म्हणून?”

“नाही.”

त्याने मान हलवली. म्हणाला, “आमच्याकडं आले की म्हणायचे, तुजी बहीण कामाची लई. बसंत न्हाई कंदी. तिच्या पायापायात नको यायला.”

“असं म्हणायचे?”

“म्हणायचे की. हसून म्हणायचे.”

मी कॉटचा पाय धरला. “उचल,” म्हणाले. आम्ही कॉट खाली नेली.

कॉट, रजया, कपडे, पेटी हे सगळं भावाने टेम्पोत घातलं. त्याच्या घरी त्याचे सासरे असतात, त्यांना कॉट होईल म्हणाला. रेडिओ भाऊजींनी मागून घेतला. चालतो की नाही ते कुणी पाहिलं नाही. निघताना भावाचा सदरा घामाने चिंब झाला होता. त्याने ढिगावरचा आकाशी शर्ट उचलला.

“हा घालू का गं?”

“घाल.”

त्याने तिथंच अंगणात शर्ट बदलला. खांद्यात तो त्याला आवळत होता. भाऊ पाठमोरा टेम्पोकडे चालत गेला आणि मी पायरीवर उभी राहून बघत होते. कुणीही म्हणेल की अशा वेळी बाईला भरून येतं. मी वाट पाहिली. मग टेम्पो वळला आणि मी वरची खोली धुवायला बादली भरली.

ग्रामसेवक लगेच आले नाहीत. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी मोटरसायकल दारात थांबली. ते जिना चढून वर गेले, चप्पल उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दारातूनच आत पाहिलं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होते.

“बरोबर. रिकामी आहे,” ते म्हणाले. मोबाईलने एक फोटो काढला.

“चहा घेता?”

“नको काकू, अजून बरीच घरं बघायचीत.”

निकाल आला त्यात भाडेकरू काढला होता. खोली राहण्याच्या वापरात धरली होती. घरपट्टी खाली आली, पण आधीच्या सालाएवढी नाही. दर नवाच होता, आणि खोली रिकामी असली तरी खोलीच होती. म्हातारीचं खुराडं वजा झालं. पडलेल्या घराचीही दुरुस्ती झाली. गोठ्याचं तसंच राहिलं, कारण गोठ्याला फरशी होती. भाऊजींची शेड पक्कीच राहिली.

भाऊजींनी निकाल वाचला आणि दुसऱ्या दिवशी शेड पाडायला काढली. आवाज ऐकून मी बाहेर गेले. ते शिडीवर चढून नट सोडवत होते. त्यांची बायको कमरेवर हात ठेवून खाली उभी होती.

“शिडी धरा जरा वहिनी,” ती मला म्हणाली. “माझ्यानं धरवंना. मी धरली तर हालंल, मग मलाच बोलतील.”

मी शिडी धरली. “भाऊजी, उन्हाळ्यात काय कराल?”

“बसू उन्हात.”

“पाडल्यावर आकारणीतून काढतील का?”

“पुना अर्ज करावा लागतो म्हणं.”

“मग करणार?”

त्यांनी पुढचा नट सोडवायला घेतला. एकेक पत्रा निघाला की ते तो हळूच खाली सोडायचे आणि मी व त्यांची बायको धरून भिंतीला लावायचो. शेवटचा पत्रा निघाला तसं त्यांच्या दारावर ऊन पडलं. मुलीच्या लग्नात मांडवाला जागा व्हावी म्हणून त्यांनी ती शेड घातली होती, हे त्यांची बायको मला सांगत होती, आणि मी हो हो म्हणत होते. ते शिडीवरून उतरले आणि पाईपांवर हात ठेवून उभे राहिले. पाईप काढायचं त्या दिवशी राहिलं. ते अजूनही तसेच आहेत, चार कोपऱ्यांना चार. अर्ज त्यांनी केला की नाही मला माहीत नाही. देवळात पुन्हा बैठक झाली नाही. मधे एकदोनदा कुणी सांगितलं की वाढीला स्थगिती येणार आहे, वर बोलणं झालंय. लोक थांबले. मग थकबाकीवर दंड लागेल असं कळलं, आणि थकबाकी असणाऱ्याला पंचायत दाखला देणार नाही असंही. शाळेला दाखला लागतो, कर्जाला लागतो. एकेक जण गुपचूप जाऊन भरून आला. वाटेत भेटलो तर कुठं चाललात असं आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

मलाही दाखला हवा होता, वारस नोंदीसाठी आणि मालकांच्या पेन्शनच्या कागदांसाठी. मी सकाळी लवकर गेले. खिडकीवर माझ्यापुढे गोठ्यावाला होता, ज्याने देवळात भरायचीच नाही असं सगळ्यांत मोठ्याने म्हटलं होतं. त्याने मला पाहून जागा दिली, “तुमी घ्या आधी वहिनी.” मी घेतली. पावती घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि परत येताना गिरणीतून दळण घेऊन आले.

दिवाळीला मुलगा आणि सून आले. सून म्हणाली, “आई, आम्ही वर झोपतो, तुम्हाला खाली अडचण होईल.” त्यांनी वर सतरंजी अंथरली. सकाळी ती चहा घ्यायला खाली आली तेव्हा म्हणाली, “वारा छान येतो वर. तुम्हीच का नाही झोपत तिथं?”

“मला जिना चढवत नाही,” मी म्हणाले. ते खरं नव्हतं, पण तिला पटलं.

मुलगा जाता जाता म्हणाला, “खोली भाड्याने देऊ या का आई? नाहीतरी पट्टी भरतोच आहोत. तुला सोबत होईल.”

“बघू,” मी म्हणाले.

दिवाळीआधीच कंपनीतली दोन पोरं विचारायला येऊन गेली होती, नंतर एक नर्सबाई. त्यांना सगळ्यांनाही मी तेच सांगितलं होतं, बघू. बाई चांगली होती, नंबर देऊन गेली. मुलगा आणि सून दुपारच्या गाडीने परत गेल्यावर मी त्यांची सतरंजी धुतली आणि गच्ची नाही म्हणून जिन्याच्या कठड्यावर वाळत घातली. ऊन चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत वाळली.